मैमूनाबाजीचा दुसरा तास

रविवारी दुपारी अंबडच्या कोर्टामागच्या गल्लीत कोणी नसतं. वकिलांची टेबलं ताडपत्रीखाली असतात. टायपिंगवाल्याचं दुकान बंद असतं. त्या गल्लीतल्या एका शाळेच्या माडीवर मात्र तेव्हा वर्ग भरायचा. बाकं पाचवीच्या मुलांची, बसणारी माणसं तीस-चाळिशीची. गुडघे मावायचे नाहीत.

दोन हजार सात सालची ही गोष्ट. दूरशिक्षण देणाऱ्या एका संस्थेचं ते केंद्र होतं. संस्थेचं मुख्य कार्यालय लांबच्या शहरात. पूर्वी तिथून पुस्तकं यायची आणि अंबडला मैमूनाबाजी ती शिकवायची. मग संस्थेनं इंटरनेटवरून थेट पाठ सुरू केले. निटूरकर सर शहरात बोलत आणि इथे भिंतीवरच्या पांढऱ्या पडद्यावर दिसत. आवाज पुढे, ओठ मागे. लाइन कमी झाली की सर मधेच थिजत. एक हात वर, तोंड उघडं.

"शिंक अटकली सरांची," कचरू म्हणायचा. कचरू एसटीच्या आगारात मेकॅनिक होता. बी.ए. झालं तर ऑफिसात बसायला मिळेल, अशी त्याची समजूत होती.

"तू जाऊन पाना लाव मंग," नंदाबाई म्हणायची. ती वडीगोद्रीहून यायची. अंगणवाडीत मदतनीस. हायवेवर नवऱ्याचं चहा-भज्यांचं हॉटेल. तिच्या पदराला तळणाचा वास असायचा आणि तो लपवायची तिला गरज वाटत नसे.

पाठ संपताना सर दर वेळी विचारत, "समजलं ना?" आणि थोडं थांबत. अख्खा वर्ग एका सुरात म्हणे, "हो सर!"

सरांना ते ऐकू जात नव्हतं. इथून तिकडे बोलायची सोय होणार होती. झाली नव्हती.

मग बाजी उठायची. प्रोजेक्टर बंद करायची, खिडकी उघडायची. तिथून तिचा तास. सगळे त्याला दुसरा तास म्हणत.

मी त्या वर्गाची विद्यार्थिनी नव्हते. जालन्याच्या कॉलेजातून मराठी घेऊन पदवीधर झाले होते आणि नोकरी नव्हती. घरात बसवत नसे. बाजी आमच्याच गल्लीतली. माझ्या आईच्या वयाची, पण गप्पा माझ्याशी. रविवारी तिच्याबरोबर जायचे, मागच्या बाकावर बसायचे. येताना आम्ही बसस्टँडसमोर चहा घ्यायचो.

दुसऱ्या तासाला ती शिकवायची नाही. निदान सुरुवातीला नाही. भिंतीला पाठ टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "आता कोण शिकवून राह्यलंय मला?"

सगळे बाकाखाली काहीतरी शोधू लागत.

एकदा पाठ होता मागणीच्या लवचिकतेचा. सरांनी लोणी आणि मार्गारिन अशी उदाहरणं दिली होती. मार्गारिन कोणी पाहिलं नव्हतं. वर्गानं "हो सर" म्हटलं होतं.

"नंदाबाई, तुम्ही सांगा," बाजी म्हणाली.

"भाव वाढला की मागणी कमी हुती."

"हे मागच्या रविवारचं. आजचं सांगा."

"आजचं... कमी हुती, पण कमी-जास्त कमी हुती."

वर्ग हसला. बाजी हसली नाही. "थांबा. बराबर बोलल्या त्या. कमी-जास्त कमी हुती. कशाची जास्त, कशाची कमी? मीठ दुप्पट महाग झालं. घ्याल का न्हाई?"

"घ्यावंच लागंल."

"मोसंबी दुप्पट महाग झाली?"

"न्हाई घेणार." नंदाबाई जरा थांबली. "पाहुणे आले तर घेऊ."

"पाहुणे आले तर म्याडम, दुकानच उचलून आणत्यात हे लोक," कचरू म्हणाला.

मग बाजीनं खडू घेतला. अर्ध्या तासात दोन रेघा फळ्यावर होत्या, एक उभट, एक आडवट, आणि कुठली मिठाची ते कचरूलाही सांगता येत होतं. माझं बी.ए. साहित्यातलं. मलाही त्या दिवशी ते पहिल्यांदा कळलं.

हे "मला शिकव" तिनं कुठून आणलं, ते मी एकदा विचारलं होतं.

बाजी वडीगोद्रीची. वडील ख्वाजामियाँ पिंजारी. गाद्या भरायचे. दहावीनंतर मुलीला बाहेर पाठवायची घरात तयारी नव्हती. त्र्याऐंशी साली तिनं पत्रद्वारा शिक्षणाला नाव घातलं. पोस्टानं धड्यांचं पुडकं यायचं. अंगणात कापूस पिंजायची धनुकली टणटण वाजत असायची, आणि ही आतल्या खोलीत वाचत असायची. कापूस उडून पानांवर बसायचा. कळायचं थोडं. उरलेलं ती पाठ करायची. स्वाध्याय लिहून पोस्टात टाकायची. तो तपासून परत यायला महिना जायचा.

"एकदा एकानं कडेला लिहून पाठवलं," बाजी म्हणाली. "इथे थांबा. हे वाक्य पुस्तकातले आहे. तुम्हाला काय म्हणायचे आहे ते लिहा. मी रडले गं शिवकन्ये. किती राग आल्ता. मंग कळलं, कोणीतरी माझं वाचून राह्यलंय. मला समजलं न्हाई हे त्याला तिथं बसून समजलं."

"कोण होते ते?"

"काय माहीत. नाव नव्हतं. बाई असंल, बाप्या असंल."

पुढे ती बी.ए. झाली, लग्न होऊन अंबडला आली, खाजगी शाळेत लागली. नवरा एसटीत कंडक्टर. शाळेतून घरी येईपर्यंत तिचे पाय सुजत. तरी केंद्र निघालं तेव्हा रविवार तिनं त्याला दिला. नवरा म्हणायचा, सहा दिवस शाळा आणि सातव्या दिवशी पण शाळा, तुला आराम मंजूर न्हाई काय. ती म्हणायची, हाच आराम आहे. ते खरं नव्हतं. रविवारी संध्याकाळी ती पार गळालेली असे. पण सोडत नव्हती.

थेट पाठ सुरू झाल्यावर तिनं संस्थेला दोनदा कळवलं होतं. सरांनी मधे थांबावं. कुठल्या तरी एका केंद्रातल्या माणसाला धडा उलट सांगायला लावावा. आमचा आवाज तिकडे यावा. मार्गारिन नको. दोन्ही वेळा उत्तर आलं की सूचनांची नोंद घेतली आहे.

डिसेंबरात संस्थेनं नवं ठरवलं. थेट पाठ पुरेसा आहे का ते केंद्राकेंद्रात जाऊन तपासायचं. जिथे तो तेवढ्यावर समजतो तिथे दुसरा तास बंद. जिथे समजत नाही तिथे दुसरा तास चालू राहील आणि पाठही बदलला जाईल. तपासायला स्वतः निटूरकर सर येणार होते. ते फिरत असेपर्यंत थेट पाठाऐवजी जुने, रेकॉर्ड केलेले पाठ दाखवायचे होते.

बाजीनं हे वर्गाला सरळ सांगितलं. लपवलं नाही काही.

"म्हणजे समजत न्हाई म्हणायचं," कचरू म्हणाला. "सोपं हाय. आयुष्यभर तेच म्हणलोय."

"मी म्हणते म्हणून तसं म्हणायचं न्हाई," बाजी म्हणाली. "खरं सांगायचं. पडदा बंद झाला आणि मी अजून उठले न्हाई, तेवढ्यात तुमच्या डोक्यात काय असतं? तेवढंच सांगा."

"तेवढ्यात डोक्यात चहा असतो म्याडम."

"मंग चहा सांग."

सगळ्यांनी माना हलवल्या. नंदाबाई म्हणाली, "दुसरा तास गेला तर मी तर येनारच न्हाई. पडदा बघाया वडीगोद्रीहून कशाला येऊ? टीव्ही घरी हाय."

जानेवारीतला रविवार ठरला. बाजीच्या मनात असं होतं की सरांनी सकाळी केंद्रावर यावं, बाकावर बसून पाठ बघावा, विचारायचं ते विचारावं. पण कचरूच्या भावाचं शेत घनसावंगीच्या रस्त्याला होतं आणि ज्वारी नेमकी हुरड्यात आली होती.

"एवढ्या लांबून माणूस येऊन राह्यला," कचरू म्हणाला. "त्याला काय बाकावर बसवता? आधी हुरडा, मंग सवाल. उपाशी माणसाला तक्रार सांगू ने."

याला कोणीच नाही म्हणालं नाही. बाजीही नाही. पाहुणा येतोय आणि शेतात हुरडा आहे, म्हटल्यावर दुसरं काही ठरूच शकत नव्हतं.

त्या सकाळी गारठा होता. बांधाजवळ खड्डा करून आगटी पेटवलेली. गोवऱ्यांचा निखारा लाल झाला होता. नंदाबाईनं लसणाची चटणी आणली होती, शेंगदाण्याची वेगळी. कोणी दही, कोणी बोरं, कोणी गूळ. बायकांनी सतरंज्या झाडल्या. दारात लग्न असावं तशी धावपळ.

जीप थांबली. सर उतरले. पडद्यावर ते भिंतभर असत. खाली उतरलेला माणूस बुटका होता. घरी विणलेला स्वेटर, गळ्याला मफलर. उतरल्या उतरल्या ते शिंकले.

"सुटली एकदाची," कचरू पुटपुटला. मागच्या बायकांनी पदर तोंडात धरले.

सर आगटीशी बसले. कचरूच्या भावानं भाजलेलं कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली, हिरवे दाणे सरांच्या ओंजळीत टाकले. सरांनी ते एकेक करून खायला सुरुवात केली.

"असं न्हाई सर, बकाणा भरा," नंदाबाई म्हणाली.

त्यांनी भरला. डोळ्यांतून पाणी आलं. चटणीनं असेल. बघता बघता त्यांची बोटं काळी झाली आणि मफलर सुटला. ते बोलू लागले. वर्गात बोलतात तसं नाही. मधे थांबत, आमच्याकडे बघत.

"तुम्ही मला दर रविवारी बघता," ते म्हणाले. "मी तुम्हाला आज बघतोय. एका बंद खोलीत उभा राहून बोलतो मी. काचेपलीकडे एकजण असतो, तो मोबाइलमध्ये. समोर भिंत. विचारतो, समजलं ना? भिंत काही बोलत नाही. कधी वाटतं, लाइन केव्हाच तुटली आहे आणि मला कोणी सांगितलंच नाही."

आगटीत गोवरी मोडली.

"आम्ही हो म्हणतो सर," मागून एक बाई म्हणाली. "मोठ्यानं म्हणतो."

"खरंच?"

"सगळे म्हणतो."

ते हसले. खूप हसले. मग हात झटकून उभे राहिले.

"आता कामाचं. मला खरं सांगा. बरं वाटावं म्हणून नको. माझा पाठ संपतो, पडदा बंद होतो. तेवढ्यावर समजतं का?"

प्रश्न अगदी बाजीनं सांगितला होता तोच होता. तिच्या शब्दांत. मी बाजीकडे पाहिलं. ती वर्गाकडे बघत होती.

नंदाबाईच्या हातात चोळलेला हुरडा होता. तिनं तो सरांच्या ओंजळीत घातला.

"समजतं सर," ती म्हणाली. "बराबर समजतं."

"बिलकुल क्लिअर," कचरू म्हणाला.

"आवाज जरा मागंपुढं व्हतो, पण शिकवणं चांगलं हाय सर."

"घरी जाऊन पोरांला सांगतो आम्ही."

हात वर गेले. कोणी सांगितलं नव्हतं तरी. राखेनं काळे झालेले हात, एकामागून एक, सगळे.

सरांनी मान हलवली. मग बाजीकडे वळले. "मॅडम, तुमचं मत?"

बाजीच्या हातात रिकामं कणीस होतं. तिनं ते आगटीत टाकलं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल. महिनाभर ती हेच तर बोलत होती.

"ही मंडळी सांगून राह्यलीत तसंच आहे," ती म्हणाली.

बोर हातात धरून मी तशीच बसले होते.

जीप गेली. सर खिडकीतून हात हलवत होते. बाजी आणि मी काळीपिवळी टॅक्सीसाठी रस्त्याकडे चालू लागलो, तर नंदाबाई पळत आली. तिला दम लागला होता. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता.

"म्याडम, बराबर झालं ना? कचरूला मीच डोळा घातला. समजत न्हाई म्हणलं असतं तर ते काय म्हणले असते? ह्या बाई इथं बसून करून काय राह्यल्या? तुमचं नाव गेलं असतं. आपल्या म्याडमचं नाव आम्ही जाऊ देतो काय?"

बाजी तिच्याकडे बघत राहिली.

"आणि ते बिचारे," नंदाबाई म्हणाली. "भिंतीसंगं बोलत्यात."

"बराबर झालं," बाजी म्हणाली. तिच्या खांद्यावर थोपटलं. "जा, भांडी राह्यलीत."

रस्त्यावर येईपर्यंत मी कळ काढली. मग विचारलं. "बाजी, निदान तुम्ही तरी सांगायचं होतं."

"काय सांगायचं? ही सगळी खोटी आहेत म्हणून? त्यांच्याच शेतात? त्यांच्या हातचं खाऊन?"

"पण तास जाईल."

"जाईल."

काळीपिवळी आली. आत जागा नव्हती. आम्ही मागच्या फळीवर बसलो. तिनं डोळे मिटले आणि अंबड येईपर्यंत उघडले नाहीत.

फेब्रुवारी सरता सरता संस्थेचं पत्र आलं. अंबड केंद्राचा प्रतिसाद उत्कृष्ट. थेट पाठ पुरेसा असल्याचे प्रत्यक्ष भेटीत दिसून आले. दुसऱ्या तासाची आवश्यकता नाही. मॅडमनी यापुढे उपस्थिती व यंत्रसामग्री पाहावी. बाजीनं ते उभ्यानं वाचलं. आमचा प्रोजेक्टर एका अंगाला कलायचा. तिनं पत्राची घडी घातली आणि त्याच्याखाली सरकवली. चित्र सरळ झालं.

पुढच्या रविवारी थेट पाठ पुन्हा सुरू झाला. सर पडद्यावर आले ते हसतच. "नमस्कार. आज आधी अंबडच्या मित्रांना नमस्कार. हुरडा अजून तोंडात आहे." वर्ग आनंदानं ओरडला. सर पूर्वीपेक्षा बरे बोलत होते. भरभरून बोलत होते. त्यामुळे भराभरही बोलत होते. कुठेच थांबत नव्हते. त्या दिवशी राष्ट्रीय उत्पन्नाचा पाठ होता. स्थूल, निव्वळ, घसारा. शेवटी त्यांनी विचारलं, "समजलं ना?" आणि कान देऊन ऐकल्यासारखं केलं.

"हो सर!"

ते समाधानानं हसले. पडदा पांढरा झाला.

कोणी उठलं नाही. सगळे भिंतीकडे बघत बसले होते. त्या भिंतीशी बाजी उभी राहायची. आज ती दारापाशी खुर्चीवर होती. पिशवी मांडीवर, हातात किल्ली.

"म्याडम?" कचरू म्हणाला.

"चला. कुलूप लावायचंय."

बाकं सरकली. माणसं गुडघे चोळत उठली. जिन्यात कचरूनंही कोणाची थट्टा केली नाही.

बसस्टँडवर वडीगोद्रीकडे जाणारी गाडी लागायची होती. नंदाबाई आमच्याशेजारी येऊन उभी राहिली. चहा नको म्हणाली. पुस्तक पिशवीतून काढलं, परत ठेवलं.

"म्याडम," ती म्हणाली, "ते घसारा म्हणजे काय ते समजलं न्हाई."

मी त्या वर्गात दीड वर्ष बसत होते. हे वाक्य कोणी आपणहून म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

बाजीचे डोळे क्षणभर बदलले. पाठ भिंतीला टेकण्यासाठी ती मागे सरकली, मला दिसलं. मागे फक्त लोखंडी खांब होता. ती थांबली.

"सरांला सांगा," ती म्हणाली.

"सर ऐकत्यात व्हय?"

"न्हाई."

"मंग?"

"पुढच्या वेळी येतील तेव्हा सांगा. पोटभर खाऊ घालायच्या आधी."

नंदाबाईनं मान खाली घातली. तिला ते लागलं. गाडी लागली, ती चढली, खिडकीशी बसली. गाडी हलेपर्यंत ती आमच्याकडे बघत होती. बाजीनं हात हलवला. बराच वेळ हलवत राहिली.

आम्ही चहा सांगितला. कप समोर आले.

"सांगायला काय जात होतं," मी म्हणाले. मला राग आला होता. "दोन मिनिटांचं काम होतं."

"दोन मिनिटांचंच." ती कपाकडे बघत होती. "शिवकन्ये, दर रविवारी तो माणूस शिकवायचा आणि जिथं जिथं भोक पडायचं तिथं मी ठिगळ लावायचे. ही मंडळी पास व्हायची. तिकडं त्याला वाटायचं, आपला कपडा धड आहे. मी थांबले असते एखाद्या रविवारी, तर कळलं असतं त्याला. कोणालातरी. माझ्याच्यानं थांबणं झालं न्हाई. आज आता तिला मी इथं घसारा सांगितला असता ना, तर परीक्षेत तिनं तो लिहिला असता, आणि ते पुन्हा म्हणाले असते, बघा, अंबडला समजतं."

"आणि नाही सांगितला तर ती नापास होईल."

"होईल."

हॉटेलवाल्यानं रेडिओ मोठा केला. बाजीनं पायातल्या चपला काढून पाय बाकावर घेतले. घोटे सुजलेले होते.

"किती वेळ लागंल गं वडीगोद्रीला पोचायला?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. ती त्याच गावची. तिला माहीत होतं.

मी तिचा कप तिच्याकडे सरकवला.

"तिचं हॉटेल हायवेलाच आहे," ती म्हणाली. "तिथं तिची मोठी कढई आहे. घासून घासून बूड पातळ झालंय. दर वर्षी थोडी थोडी संपून राह्यली ती. तेवढंच तर आहे घसारा म्हणजे."

चहावर साय धरली होती. तिनं ती बोटानं बाजूला केली, पण चहा प्यायली नाही.